म्हाताऱ्या कुत्र्याचं पोट पुन्हा पुन्हा बिघडतंय? काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

चार दिवस पातळ शी, मग गोळी, मग आठ-दहा दिवस ठीक, आणि पुन्हा पातळ. उतारवयातल्या कुत्र्यांत हे चक्र फार दिसतं. घरात त्यावर एकच उत्तर तयार असतं, "वय झालं आता त्याचं." हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं आणि त्यापायी महिने वाया जातात. निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याची अन्न पचवण्याची ताकद निव्वळ वयामुळे फारशी कमी होत नाही. बदलतात त्या आजूबाजूच्या गोष्टी. आतड्याची हालचाल थोडी मंदावते. आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल लवकर ढळतो आणि सावरायला वेळ घेतो. पाणी कमी प्यायलं जातं, सांधे दुखतात म्हणून शी रोखून धरली जाते, दात किडतात, मूत्रपिंड थकतं, आणि दुखण्याच्या गोळ्या सुरू होतात. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट शोधता येते. बऱ्याचशा सुधारताही येतात.

लॅब्रडॉर किंवा जर्मन शेफर्डसारखं मोठं कुत्रं सात-आठ वर्षांपुढे, पॉमेरियनसारखं छोटं कुत्रं साधारण दहा वर्षांपुढे म्हातारं धरा. कारवानी आणि गावठी कुत्री या दोन्हींच्या मधे कुठेतरी.

आधी लक्षणं नीट ओळखा

"जुलाब होतात" एवढ्यावर डॉक्टरही फार काही सांगू शकत नाहीत. बिघाड लहान आतड्यात आहे की मोठ्या, हे शी बघूनच पुष्कळसं कळतं.

दिवसातून पाच-सहा वेळा जायची घाई, प्रत्येक वेळी थोडीशीच शी, शेवटी कुंथणं, आव किंवा ताज्या लाल रक्ताचे थेंब, आणि वजन मात्र जसंच्या तसं, ही मोठ्या आतड्याची लक्षणं. दिवसातून दोन-तीनदाच पण ढीगभर पातळ शी, पोटात गुरगुर, अधूनमधून उलटी आणि हळूहळू उतरणारं वजन, ही लहान आतड्याची. म्हाताऱ्या कुत्र्यात दुसरा प्रकार जास्त गंभीर, कारण तिथे अन्न अंगी लागत नसतं.

आणखी काही खुणा आहेत. चपटी, फितीसारखी शी. झोपेत नकळत पडलेली शी (हे पोटापेक्षा कण्याचं किंवा नसांचं दुखणं असू शकतं). खडूसारखी पांढरी, कोरडी शी, म्हणजे हाडं जास्त झाली. फिकट, तेलकट, प्रचंड शी आणि वखवखल्यासारखी भूक. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे वरच्या बाजूला, जठरात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव. मात्र लोहाच्या टॉनिकनेही शी काळी होते. पांढऱ्या ओल्या टिशूवर थोडी पुसून बघा. कडेला तांबूस डाग पसरला तर ते रक्त समजा.

हे दिसलं तर पुढचं काही करत बसू नका

पोट ढोलासारखं फुगलंय आणि ओकारी येते पण काही पडत नाही: मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यात जठराला पीळ पडल्याची ही खूण असते आणि हाती फार थोडे तास असतात. काळी शी किंवा रक्ताची धार. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या. ताप १०३ फॅरनहाइटच्या वर (कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं, त्यामुळे हात लावून "गरम लागतोय" याला अर्थ नाही, गुदद्वारातून थर्मामीटर लावावा लागतो). दोन दिवस शी झालीच नाही आणि कुत्रा कुंथतोय. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री डॉक्टर गाठा. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आधीच असेल, तर साध्या जुलाबालाही एका दिवसापेक्षा जास्त वाट बघू नका.

१. सात दिवसांची वही (खर्च शून्य)

एक आठवडा सगळं लिहा: काय खाल्लं, कोणी दिलं, किती वाजता, शी कशी झाली, शक्य असेल तर फोटो. रोज पाणी मोजून ठेवा. कोरडं फूड खाणारा कुत्रा दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिली पाणी पितो. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटरच्या आसपास. सतत दर किलोला १०० मिलीच्या वर जात असेल तर मूत्रपिंड, साखर आणि हार्मोन तपासायची वेळ आली.

वजनही याच वहीत. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा. दहा किलोचा कुत्रा महिन्याभरात न ठरवता साडेनऊवर आला, तर ती घट किरकोळ नाही. अंगावर केस दाट असले की डोळ्यांना ती दिसतच नाही, म्हणून काटा हवा.

वहीचा खरा उपयोग "कोणी दिलं" या रकान्यात आहे. एका घरात चार माणसं असली की कुत्र्याला चार ठिकाणांहून खाऊ मिळतो: सकाळच्या चहासोबत बिस्किट, दुपारी दुधात कुस्करलेली पोळी, रविवारी मटणाची हाडं, दिवाळीत चकली. तरुणपणी हे सगळं जिरलं म्हणून आताही जिरेल असं नाही. दूध पचवणारं विकर पिल्लूपण सरल्यावर कमी होत जातं, त्यामुळे कपभर दूध हेच एकटं कारण असू शकतं. तूप, तळण आणि मटणाची चरबी यांनी स्वादुपिंडाला सूज येते. लठ्ठ, वयस्क कुत्र्यांना हा धोका जास्त. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची मिठाई ही कुत्र्यांना विषारी आहेत, थोडीशीसुद्धा नको.

पंधरा दिवस वरचं सगळं बंद करा. घरातल्या ज्येष्ठांना हे पटवणं अवघड जातं. त्यांच्या हाताने भरवायचं सुख काढून घेऊ नका, फक्त कुत्र्याच्या रोजच्याच मापातलं मूठभर फूड एका डबीत काढून त्यांच्याजवळ ठेवा.

२. फूडची पिशवी

स्वस्त पडतं म्हणून छोट्या कुत्र्यासाठी मोठं पोतं आणलं तर ते तीन-तीन महिने पुरतं, आणि उघडल्यापासून त्यातली चरबी खवट व्हायला लागते. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओलही शिरते. बुरशी लागलेल्या धान्यातल्या विषाने यकृत खराब होतं, ते उकळूनही जात नाही. वास घ्या, तळाचा चुरा बघा, पिशवीवरची तारीख बघा. उघडलेली पिशवी चार ते सहा आठवड्यांत संपेल एवढीच आणा. फूड मूळ पिशवीतच, तोंड घट्ट बांधून, झाकणाच्या डब्यात ठेवा. दुकानात उघड्या गोणीतून सुटं मिळतं ते घेऊच नका.

ब्रँड किंवा चव नुकतीच बदलली असेल तर कारण तिथेच सापडू शकतं. नवीन फूड सात ते दहा दिवसांत आणायचं: आधी पाव भाग, दोन-तीन दिवसांनी निम्मं, मग पाऊण. म्हाताऱ्या आतड्यातल्या जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा दहा दिवसांचे चौदा झाले तरी बिघडत नाही.

३. दोन-तीन दिवस हलकं जेवण

चोवीस तास उपाशी ठेवायची जुनी पद्धत वयस्क कुत्र्यासाठी नको. त्याचे स्नायू आधीच उतरलेले असतात आणि आतड्याच्या अस्तरालाही अन्नातूनच पोषण मिळतं. १० किलोच्या कुत्र्यासाठी दिवसभराचं माप: शिजवलेलं, कातडी आणि हाडं काढलेलं चिकन १०० ग्रॅम आणि मऊ शिजवलेला भात २५० ग्रॅम. त्याचे चार भाग करून चार वेळा द्या. मीठ, हळद, फोडणी काही नको. शाकाहारी घरात उकडलेलं अंडंही चालत नसेल तर मुगाच्या डाळीची पातळ, बिनफोडणीची खिचडी दोन दिवस चालेल.

तीन दिवसांनंतर मात्र यावर रेटू नका. चिकन-भातात कॅल्शियम नाही, बरीच जीवनसत्त्वं आणि खनिजंही पुरेशी नाहीत. "हेच खाल्लं की बरा असतो" म्हणून वर्षभर फक्त चिकन-भात खाऊन हाडं आणि स्नायू गमावलेली कुत्री कमी नाहीत. आणि चिकन-भातावर बरं होऊन नेहमीच्या फूडवर आल्यावर दरवेळी बिघडत असेल, तर ती महत्त्वाची खूण आहे. वहीत लिहा, पायरी ९ ला तिचा उपयोग होईल.

४. औषधांचा डबा

उतारवयात हे तपासणं सगळ्यात जास्त राहून जातं. सांधेदुखीसाठी दिलेलं मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन जठराच्या अस्तराला इजा करू शकतं, विशेषतः रिकाम्या पोटी किंवा ठरल्यापेक्षा जास्त दिलं तर. त्याच दिवसांत खाजेसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू असेल तर अल्सरचा धोका कितीतरी वाढतो. ही दोन औषधं एकत्र द्यायची नसतात. पण खाजेचे डॉक्टर वेगळे, पायाचे वेगळे असले की ती एकत्र येतात. गोचीड तापासाठीचं डॉक्सिसायक्लिन रिकाम्या पोटी दिलं की उलटी होते, ते जेवणाबरोबर द्यावं.

माणसांच्या डब्यातलं आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याला अजिबात नाही. जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळीही घरच्या घरी नको: जंतुसंसर्ग असेल तर ती घाण आतच कोंडते आणि कोली जातीच्या कुत्र्यांत मेंदूवर परिणाम करू शकते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचा, टॉनिकचा आणि सांध्यांच्या पावडरचा एकत्र फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करू नका. प्रेडनिसोलोन तर अचानक थांबवणं धोक्याचं आहे.

५. जंत

"गेल्या वर्षी दिली होती गोळी" याला डिवर्मिंग म्हणत नाहीत. आणि अंदाजाने दिलेला डोसही कामाचा नाही: गोळी वजनावर असते आणि मोठ्या कुत्र्याला नेहमी कमी पडते. शिवाय एकच गोळी सगळ्यांवर चालत नाही. मोठ्या आतड्यातल्या चाबूकजंतांची अंडी रोज शीत उतरत नाहीत, त्यामुळे एका तपासणीत ते निसटतात. जिआर्डिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीचंही तसंच. म्हणून एक दिवसाआड तीन नमुने द्या. प्रत्येक वेळी ताजी, मोठ्या चमचाभर शी, स्वच्छ डबीत, त्याच दिवशी लॅबला. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.

यासाठी फेनबेंडाझोल हे औषध नेहमी वापरतात, दर किलोला ५० मिलिग्रॅम, रोज एकदा, ओळीने तीन दिवस. चाबूकजंतासाठी हाच कोर्स तीन आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी करावा लागतो. डॉक्टरांना विचारून, वजन करूनच द्या. शीत किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टजंत. ते पिसवांतून येतात, त्यामुळे नुसती गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर ते परत येणारच.

६. तंतू आणि जिवाणू

लक्षणं मोठ्या आतड्याची असतील तर इसबगोल खरोखर काम करतो. पाणी धरून ठेवत असल्यामुळे पातळ शी बांधते आणि कडक शी मऊ होते. १० किलोच्या आतल्या कुत्र्याला दिवसाला अर्धा छोटा चमचा, २५ किलोपर्यंत एक, त्यापुढे दोन. आधी पाण्यात भिजवून मगच जेवणात कालवा. कोरडा दिला किंवा कुत्रा पाणीच पीत नसेल तर तो आत घट्ट गोळा होतो. लाल भोपळा उकडून, साल काढून, एक ते तीन मोठे चमचे हाही चांगला पर्याय. लहान आतड्याचा त्रास असेल तर मात्र तंतू वाढवून फायदा नाही, अन्न अंगी लागणं उलट कमी होऊ शकतं.

चमचाभर ताजं दही सोसत असेल तर द्या, पण त्याला औषध समजू नका. कुत्र्यांसाठीच्या प्रोबायोटिकमध्ये एन्टरोकोकस फेशियम हा जिवाणू असतो, त्याचा कुत्र्यांवर अभ्यास झालेला आहे. महिनाभर सलग द्यावं लागतं.

७. मागची बाजू: सांधे, ग्रंथी, प्रोस्टेट

बद्धकोष्ठ असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पोटाला दोष द्यायच्या आधी त्याला चालताना बघा. शी करायला बसताना मागच्या पायांवर भार येतो. गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर तो बसतो, अर्धवट करतो, उठतो. उरलेली शी आत वाळते. मग तिच्या कडेने पातळ द्रव झिरपतो, आणि घरच्यांना वाटतं जुलाब झाले! अशा वेळी जुलाबाचं औषध दिलं की हाल दुप्पट. गुळगुळीत फरशीवर रबरी चटई टाका, दिवसातून दोनऐवजी चार वेळा बाहेर न्या, जेवणानंतर वीसेक मिनिटांनी न्या, जेवणात कोमट पाणी घाला.

एरंडेल पाजू नका. लिक्विड पॅराफिन तोंडाने बळजबरीने पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. मेडिकलमधला माणसांचा फॉस्फेटचा एनिमा तर नकोच, छोट्या कुत्र्याच्या रक्तातले क्षार तो जीवघेणे बिघडवू शकतो. शी मऊ करणारं लॅक्ट्युलोज सुरक्षित आहे, पण डोस डॉक्टरांकडून.

बूड जमिनीवर घासतोय, शेपटीखाली सारखं चाटतोय, तर गुदग्रंथी भरल्या असतील. आणि नसबंदी न केलेला वयस्क नर फितीसारखी चपटी शी करत असेल तर प्रोस्टेट वाढून आतडं दाबतंय का, किंवा गुदद्वाराशेजारी फुगवटा येऊन हर्निया झालाय का, हे बघायलाच हवं. डॉक्टर हातमोजा घालून बोटाने तपासतात, दोन मिनिटांचं काम. यातच गुदमार्गातली गाठही हाताला लागते. नसबंदी न केलेले नर आपल्याकडे घरोघरी आहेत, म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी केली नसेल तर तुम्ही मागा.

८. रक्त, आणि अँटिबायोटिकचं चक्र तोडणं

तीन आठवडे उलटले किंवा तिसऱ्यांदा बिघडलं, तर इथून पुढे डॉक्टरांशिवाय नाही. दरवेळी पाच दिवस मेट्रोनिडाझोल घ्यायचं आणि सोडून द्यायचं, हेच त्रास परतण्याचं एक कारण असतं. निरोगी कुत्र्यांना दोन आठवडे मेट्रोनिडाझोल दिल्यावर आतड्यातल्या जिवाणूंची विविधता घटली आणि औषध बंद करून चार आठवडे झाले तरी पूर्ण परतली नाही, असं तपासून दिसलेलं आहे. पित्तरसाचं रूपांतर करून आतडं शांत ठेवणारे जिवाणू त्यात मरतात. जास्त मात्रेत कुत्रा लडखडतो, डोळे भिरभिरतात. गरज असेल तिथे ते द्यावंच लागतं, पण "मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून परत आणलं" हे थांबवा.

तरुण कुत्र्यात आधी आहार बदलून बघतात. म्हाताऱ्यात आधी रक्त, कारण जुलाबाच्या मागे मूत्रपिंड, यकृत किंवा हार्मोनचा आजार असण्याची शक्यता वयाबरोबर वाढते. मागायच्या तपासण्या: संपूर्ण रक्तगणना, क्रिएटिनिन, यकृताची विकरं, साखर, कॅल्शियम, सोडियम-पोटॅशियम आणि अल्ब्युमिन. सोबत लघवी. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन फार महत्त्वाचं: ते दर डेसिलिटरला २ ग्रॅमच्या खाली असेल तर आतड्यातून प्रथिनं गळत असू शकतात, पोटात पाणी भरतं, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो. अशा कुत्र्यावर घरचे प्रयोग एक दिवसही नकोत. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असेल तर अॅडिसनचा आजार (अधिवृक्क ग्रंथींची हार्मोन कमी पडणं) तपासावा लागतो. तो हुबेहूब "येऊन-जाऊन पोट बिघडतं" असाच दिसतो.

लहान आतड्याची लक्षणं असतील तर बी-१२ आणि टीएलआय या दोन तपासण्या वाढवा. टीएलआयसाठी आठ ते बारा तास पोट रिकामं लागतं. स्वादुपिंड पाचक विकरं बनवत नसेल तर ते यातून कळतं, आणि मग जेवणात विकरांची पावडर मिसळून कुत्रा अक्षरशः भरून येतो. बी-१२ कमी असेल तर ते भरून काढल्याशिवाय बाकीचे उपचार लागू पडत नाहीत.

९. काटेकोर आहार-चाचणी

रक्त ठीक असेल तर आता ही. जुनाट जुलाबाच्या कुत्र्यांत आहाराने बरी होणारीच सर्वात जास्त असतात, आणि पोटाचा फरक बहुधा दोन आठवड्यांत दिसतो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं हायड्रोलाइज्ड (आधीच बारीक तोडलेल्या) प्रथिनांचं किंवा कुत्र्याने कधीच न खाल्लेल्या एकाच प्रथिनाचं फूड, दोन आठवडे, त्याशिवाय काहीही नाही. चघळायची काडी नाही, मांसाच्या चवीची जंताची गोळी नाही, बिस्किटाचा तुकडाही नाही. एका तुकड्याने चाचणी पहिल्या दिवसावर येते. पहिल्या फूडने जमलं नाही तर दुसऱ्या प्रकारचं एकदा करून बघण्यात अर्थ आहे. फूड महाग आहे, पण दर महिन्याच्या औषधांचा हिशेब मांडला तर फार नाही.

१०. इथे थांबा

आहाराने फरक नाही, वजन उतरतंय, अल्ब्युमिन कमी, पोटात गाठ हाताला लागतेय किंवा काळी शी परत दिसली, यातलं काहीही असेल तर पुढचं काम सोनोग्राफीचं आणि गरजेप्रमाणे एंडोस्कोपी करून आतड्याचा छोटा तुकडा तपासण्याचं. उतारवयात आतड्याची जुनाट सूज आणि लिम्फोमा हा कर्करोग बाहेरून सारखेच दिसतात. तुकडा तपासायच्या आधीच स्टेरॉइड सुरू केलं तर निदान धूसर होतं, म्हणून "आधी स्टेरॉइड देऊन बघू" असं कोणी म्हटलं तर आधी सोनोग्राफी तरी करून घ्या.

गावात सोय नसेल तर मुंबईत परळ, तसंच नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालयं आहेत. निघण्याआधी फोन करून सोनोग्राफीचा वार विचारा. जाताना वही, शीचे फोटो, औषधांचा फोटो, जुने रिपोर्ट आणि त्या दिवशीचा ताजा नमुना घ्या. सोनोग्राफी असेल तर आठ तास पोट रिकामं ठेवा, पाणी चालेल. मधुमेही कुत्र्याला उपाशी ठेवण्याआधी मात्र इन्सुलिनचं काय करायचं ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून घ्या.